खाडीच्या बांधावरची ही 'घोळ' नेमकी कोण?

बाल्कनीवाली (नेरूळ) · ४ ऑक्टोबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचून जाते. आज अडलंय म्हणून लिहितेय.

सकाळी पाम बीच रस्त्याच्या पलीकडे, करावे गावाच्या अंगाने खाडीच्या बांधावर फिरायला जाते. तिवरं संपून बांधाचा चढ सुरू होतो तिथे जमिनीला चिकटून पसरलेली एक वनस्पती आहे. खोड लालसर, पानं जाड आणि टच्च, चिमटीत धरली की कट्‌कन मोडणारी. मधूनमधून नखाएवढ्या गुलाबी चांदण्या. वर्षभर मी तिला घोळ समजत होते.

जूनमध्ये वाटेवर तुटून पडलेली वीतभर फांदी घरी आणली. गांडूळखत, कोकोपीट, रोज सकाळी पाणी, सगळे लाड केले. मेली नाही, पण बांधावर ती कशी ठेंगणी नि गुबगुबीत, माझ्याकडे मात्र लांबुडकी होऊन कुंडीच्या कडेवरून लोंबतेय. पानं पातळ झाली. चार महिन्यांत फूल एकही नाही. सासूबाई म्हणतात ही घोळच नव्हे, घोळीला पिवळं फूल येतं. नवरा म्हणतो ऑफिस टाइम. (त्याला फुलझाड एकच माहीत आहे.)

तर ही कोण, आणि हिचं माझ्याकडे काय बिनसलंय?

---

चहा_बिस्कीट (डोंबिवली) · ४ ऑक्टोबर, रात्री १०.०५

घोळच आहे. गुलाबी फुलांचीही असते. डाळ घालून करा, लसणीची फोडणी. विषय संपला.

---

तिवरातला_बगळा (ऐरोली) · ४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

चहाबिस्कीट, जरा दम धरा. न ओळखता फोडणीला कसली टाकताय!

ताई, उद्या गेलात की एवढं बघून या. पानं समोरासमोर जोडीने आहेत की एकाआड एक? फुलाला स्वतःचा देठ आहे की ते पानाच्या बगलेत रुतून बसलंय? आणि फूल उलटं करून पाहा, मागून कोणता रंग दिसतो?

---

बाल्कनीवाली · ५ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

गेले होते. मुलाचं शाळेचं भिंग घेऊन. दोन आजोबा माझ्याकडे बघत थांबले, त्यातल्या एकांनी "काही हरवलंय का" असं विचारलंसुद्धा.

पानं समोरासमोर, जोडीतली दोन्ही साधारण सारखी. तळाशी देठ पातळ पडद्यासारखा होऊन खोडाला कवटाळतो. प्रत्येक बगलेत फूल एकेकटंच, त्याला छोटा पण स्पष्ट देठ. पाकळ्या पाच, आतून गुलाबी-जांभळट. फूल उलटलं तर मागून चक्क हिरवं! आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाशी, किंचित मागे, बारीकसं शिंग. नुसत्या डोळ्यांनी ते दिसलंच नसतं. मध्ये पुंकेसरांचा झुबका, मोजायला गेले तर वीसच्या पुढे गोंधळ उडाला. आठ वाजता बहुतेक फुलं मिटलेली होती, ही सगळी पाहणी दहाला परत जाऊन केली.

एक पान आडवं कापून पाहिलं. कडेला हिरवा काठ आणि मध्ये फिकट, पाणीदार गर.

---

जुना_फळा (नौपाडा, ठाणे) · ५ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

शाबास. पंचवीस-तीस वर्षं मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण एवढी नेमकी नोंद प्रात्यक्षिकाच्या वहीत क्वचित मिळाली.

ही धापा. शास्त्रीय नाव सेसुवियम पोर्टुलाकास्ट्रम, कुळ ऐझोएसी. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर सापडते. आपल्याकडे खाडीकाठ, मिठागरांचे बांध, खारजमिनीच्या उघाड्यांच्या (पाणी सोडायच्या दारांच्या) आसपास, म्हणजे उधाणाचं पाणी अधूनमधून पोचतं अशा जागी ती हमखास.

तुम्ही ज्यांना पाकळ्या म्हणता त्या पाकळ्या नाहीत. या फुलाला पाकळ्या नसतातच. ती पाच परिदलं आहेत. एकच वर्तुळ, आणि त्यालाच दोन्ही कामं. कळी असताना बाहेरची हिरवी बाजू निदलासारखी राखण करते, उमलल्यावर आतली गुलाबी बाजू पाकळीसारखी मिरवते. तुम्हाला 'मागून चक्क हिरवं' दिसलं ते यामुळेच. टोकामागचं शिंगही हिची खूणच.

घोळ वेगळी पडते ती इथे. घोळीला दोन निदलं आणि आत खऱ्या, पिवळ्या पाकळ्या, बहुधा पाच. तिची पानं काटेकोर समोरासमोर नसतात, फांदीच्या टोकाला त्यांचा घोस होतो. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

तिसरा घोटाळा खापऱ्याशी होतो. रस्त्याच्या कडेला, पडीक जागी उगवतो तो. तो धापाच्याच कुळातला, पण त्याचं फूल बिनदेठाचं, पानाच्या तळाशी खोबणीत रुतलेलं असतं आणि जोडीतलं एक पान मोठं, एक लहान. बगळ्याने देठ विचारला तो त्यासाठी. गंमत म्हणजे खापऱ्याच्या शास्त्रीय नावातही पोर्टुलाकास्ट्रम आहे: ट्रायान्थेमा पोर्टुलाकास्ट्रम. पोर्टुलाका म्हणजे घोळ, पोर्टुलाकास्ट्रम म्हणजे घोळीसारखी दिसणारी. दोघी चुलतबहिणी, आणि दोघींची नावं तिसऱ्याच घरातल्या बाईवरून ठेवलेली.

---

बाल्कनीवाली · ५ ऑक्टोबर, दुपारी ४.४०

सर, फारच छान! म्हणजे वर्षभर मी जी चूक करत होते ती नावातच लिहिलेली आहे.

---

जुना_फळा · ५ ऑक्टोबर, सायंकाळी ५.०५

नुसती नावात नाही. १७५३ साली खुद्द लिनिअसने हिला घोळीच्याच प्रजातीत टाकलं होतं, पोर्टुलाका पोर्टुलाकास्ट्रम म्हणून. घोळ, घोळीसारखी! १७५९ मध्ये त्यानेच तिला तिथून उठवून सेसुवियममध्ये बसवलं. त्याला सहा वर्षं लागली, तुमचं एका वर्षात भागलं.

---

चहा_बिस्कीट · ५ ऑक्टोबर, रात्री ८.३०

मी एवढ्यात हार मानणार नाही. आमच्या परसात घोळ आहे. तिचं पिकलेलं बोंड आडवं फुटतं, वरची टोपी झाकणासारखी निघते. ताईंनी बोंड पाहिलं का? झाकण निघालं तर घोळ.

---

बाल्कनीवाली · ६ ऑक्टोबर, सकाळी १०.५०

पाहिलं. वाळलेलं एक बोंड नखाने टोकरलं तर वरचा अर्धा भाग अलगद सुटून आला, अगदी आजीच्या कुंकवाच्या करंड्यासारखा. आत काळ्या कुळकुळीत, चकचकीत बिया. राईच्या दाण्याहूनही लहान. आता काय म्हणायचं?

---

जुना_फळा · ६ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

आता असं म्हणायचं की चहाबिस्कीट यांचं निरीक्षण पक्कं आहे आणि निष्कर्ष चुकलाय. झाकणाचं बोंड घोळीला असतं, धापाला असतं, खापऱ्यालाही असतं. शेतात उगवणाऱ्या कुर्डूचं बोंडही असंच आडवं उघडतं. तेव्हा करंडा पाहून बाई कोणत्या घरची हे ठरत नाही.

कूळ वेगळं असलं तरी हे सगळे एकाच गणातले, कॅरिओफिलेल्स. त्यात बीट, पालक, माठ, मायाळू, बोगनवेल आणि निवडुंगसुद्धा येतात. या गणातल्या बहुतेक वनस्पतींचा लाल-गुलाबी रंग जास्वंदीच्या किंवा गोकर्णाच्या रंगद्रव्याचा नसतो. तो बीटालेन जातीचा, म्हणजे बीटाच्या भावकीतला. धापाचं लाल खोड आणि गुलाबी फूल त्यातलंच. गोकर्णाच्या फुलांच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळा, जांभळं होईल. बीटाच्या पाण्यात पिळा, ढिम्म. मुलाला करून दाखवा. भिंग त्याचं आहे, एवढा मोबदला त्याला मिळायला हवा.

---

चहा_बिस्कीट · ६ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

मान्य. घोळ मागे घेतो. फोडणी मात्र अजून तयार आहे. खातात का हिला?

---

दिवाळ्याची_पोर (बेलापूर) · ६ ऑक्टोबर, रात्री ९.१५

खाण्याची गोष्ट निघाली म्हणून लिहिते. आम्ही कोळी. आमच्याकडे खाडीकाठची भाजी म्हणजे मोरस. ती वेगळी हो. तिची पानं सुईसारखी बारीक, गोलसर, आणि फूल असून नसल्यासारखं, हिरवं, कोणाच्या नजरेत न भरणारं. उन्हाळ्यात अख्खा पट्टा लालभडक होतो तिचा.

माझी आई भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढायचं तेव्हा कोवळे शेंडे खुडून आणायची. दोन वेळा उकळून पाणी फेकायचं, मग पिळून कांद्यावर परतायची आणि वरून जवळा. लग्न होऊन आलेल्या माझ्या मोठ्या वहिनीने पहिल्याच दिवशी सवयीने मीठ घातलं आणि भाजी कोणाच्या तोंडात धरवेना. आई एवढंच म्हणाली, "ती मीट घिऊनच आलेय गो, तू कशाला घातलंस?" आजही घरात कोणाचं मीठ जास्त पडलं की 'मोरस केलीस का' असं म्हणतात.

ही गुलाबी फुलांची आम्ही ओळखतो. जाळी वाळत घालायची तिथे पायाखाली असायची, तिच्यावरून घसरायला होतं. आमच्या घरी ती कधी शिजली नाही. आणि खरं सांगू, आता मोरसही आणत नाही. खाडीत काय काय येतं ते आम्ही रोज बघतो.

---

तिवरातला_बगळा · ६ ऑक्टोबर, रात्री १०.००

ताई, मोरसची गोष्ट झकास. मोरस म्हणजे सुएडा. तिचं कूळ पालक-माठाचं, धापाचं नव्हे.

चहाबिस्कीट, धापा खाण्यालायक आहे. फिलिपाइन्समध्ये तिला दांपालित म्हणतात आणि तिचं लोणचं घालतात. ऑक्झलेट असतं, म्हणून उकळून पाणी काढणं बरं. पण आपल्या खाडीतली? बिलकूल नको. ही वनस्पती मुळांवाटे क्षार ओढून पानांत साठवते आणि मिठासोबत कॅडमियम, शिसं असे जड धातूही उचलते. दूषित जमीन साफ करायला संशोधक तिच्याकडे आशेने बघतात ते याचसाठी. ज्या गुणासाठी तिचं कौतुक, त्याच गुणामुळे ती ताटात नको. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी जिथे उतरतं तिथला धापा म्हणजे वापरलेली गाळणी. तुम्ही वापरलेली गाळणी परतून खाता का?

---

चहा_बिस्कीट · ६ ऑक्टोबर, रात्री १०.०४

गॅस बंद केला.

---

मिठागरवाला (मुलुंड, आता कोलशेत) · ७ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

धाग्यावर उशिरा आलो. आमच्या सोसायटीची रडकथा टाकतो.

इमारतीची मागची भिंत खाडीकडे. भिंतीबाहेरच्या उतारावर हीच वनस्पती गालिच्यासारखी पसरलेली होती. मागच्या कार्यकारिणीच्या डोक्यात 'सुशोभीकरण' शिरलं. जंगली गवत म्हणून चार माणसं लावून सगळी खरवडून काढली आणि लॉनचे चौकोन आणून अंथरले. मी तेव्हा कार्यकारिणीत होतो, सहीही माझी आहे, त्यामुळे शिव्या द्यायच्या तर मलाच द्या.

लॉन पावसाळाभर हिरवंगार. मग अमावास्येचं उधाण आलं, पाणी उतारावर चढून दीडेक तास थांबलं आणि गेलं. आठवड्यात लॉन पेंढ्यासारखं पिवळं. पुढच्या उधाणात मातीही सुटायला लागली, कारण धरून ठेवायला खाली काही नव्हतंच. वर्षभराने कोपऱ्यात राहिलेल्या दोन-तीन तुकड्यांतून हीच बया परत पसरली. आता कोणी हात लावत नाही. लॉनचे पैसे सिंकिंग फंडातून गेले, तो विषय दर वार्षिक सभेत निघतो आणि सगळे माझ्याकडे बघतात.

---

जुना_फळा · ७ ऑक्टोबर, सकाळी १०.२०

मिठागरवाले, सहीची जबाबदारी घेतलीत, बरं वाटलं. 'दोन-तीन तुकड्यांतून' हे महत्त्वाचं. हिचं खोड जमिनीवर सरपटतं आणि जिथे पेर टेकेल तिथे मूळ धरतं. तुकडा तुटला, भरतीबरोबर वाहत गेला, दुसऱ्या काठाला लागला की तिथे संसार सुरू. बिया आहेतच, पण पसरण्याचं मोठं काम तुकडेच करतात. बाल्कनीवाल्या ताईंनी तेच केलं, फक्त भरतीऐवजी पिशवीतून नेलं.

आता त्यांचा दुसरा प्रश्न, तो राहूनच गेला. मिठाशी वागायच्या तऱ्हा दोन शेजाऱ्यांत बघा. तिवर पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवून चाटलंत तर कळेल, कधी बारीक स्फटिकही दिसतात. धापाकडे अशा ग्रंथी नाहीत. ती मीठ आत घेते आणि पेशीतल्या रसधानीत, म्हणजे पेशीच्या माजघरातल्या मोठ्या हौदात, कोंडून ठेवते. बाहेरच्या जीवद्रव्यात, जिथे पेशीचं खरं कामकाज चालतं, तिथे मीठ फिरू देत नाही. तिथला तोल सांभाळायला ती प्रोलीन, बीटेन असले निरुपद्रवी पदार्थ तयार करते. मीठ जितकं जास्त तितकं हौदात पाणी जास्त धरून ठेवायचं, म्हणून पान फुगतं. तुम्हाला कापलेल्या पानात दिसला तो पाणीदार गर म्हणजे हाच साठा.

म्हणून तुमच्याकडे पानं पातळ झाली. गोड्या पाण्यात तिला हौद भरायचं कारणच उरलं नाही. मिठाशिवाय ती मरत नाही, पण ती सर्वांत जोमाने वाढते ती साधारण १०० ते ४०० मिलिमोलर मिठात, म्हणजे लिटरला सुमारे ६ ते २३ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, तेही ती सोसते.

मात्र लांबुडकं होण्याचं आणि फूल न येण्याचं पहिलं कारण मला मीठ वाटत नाही, सावली वाटते. बाल्कनी कोणत्या दिशेला?

---

बाल्कनीवाली · ७ ऑक्टोबर, सकाळी १०.४५

उत्तरेला. सर, ऊन येतच नाही. आणि खत तर मी मुठीने घातलंय.

---

जुना_फळा · ७ ऑक्टोबर, सकाळी ११.००

मग झालं. उघड्या बांधावर दिवसभर ऊन खाणाऱ्या बाईला तुम्ही माजघरात बसवून तूपभात भरवताय. गच्चीवर न्या. लांब फांद्या छाटा, छाटलेले तुकडे नदीच्या वाळूत थोडी माती मिसळून लावा. खत बंद. आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात सपाट चमचा जाडं मीठ. मधल्या दिवसांत साधं पाणी, तेही वरची माती सुकल्यावर. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत ओतू नका. माझा कढीपत्ता असाच गेला आहे. घरात अजून त्याचं सुतक संपलेलं नाही.

---

रेशीमकिडा (वाशी) · ७ ऑक्टोबर, दुपारी २.३०

एक भर घालतो. खाडीच्या पलीकडे, आपल्या समोरच, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात या वनस्पतीवर बरंच काम झालंय. तिथल्या आणि पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली भारतातला तिचा प्रसार, लागवड आणि उपयोग यांचा आढावा प्रसिद्ध केला होता. क्षारपड जमीन सुधारायला तिचा उपयोग होईल का, हा त्यातला मोठा मुद्दा. पीक काढलं की मातीतलं मीठही त्यासोबत उचललं जातं.

मला जास्त नवल वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. तिच्यात २०-हायड्रॉक्सीएक्डायसोन असतं. कीटक ज्या संप्रेरकाच्या हुकमाने कात टाकतात तेच. म्हणजे पान कुरतडणाऱ्या अळीच्या पोटात तिचाच वटहुकूम भलत्या वेळी जातो. रेशीम उद्योगात हेच द्रव्य थोडं देऊन सगळ्या अळ्यांना एकाच सुमाराला कोष विणायला लावतात, म्हणजे शेतकऱ्याची धांदल कमी. माझं सदस्यनाव बघून हसू नका, मामा खरंच बीडला रेशीम करतो.

---

तिवरातला_बगळा · ७ ऑक्टोबर, सायंकाळी ६.१०

हे वाचून उद्या सगळे पिशव्या घेऊन खाडीवर निघतील म्हणून आधीच सांगतो. ठाणे खाडीतला अभयारण्याचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगोंसाठी राखीव आहे आणि २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तिथून काडीही उचलायची नाही. करावे त्यात येत नसलं तरी तिवरांना हात लावायचा नाही, आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा असं उच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलंय. ज्याला हवी त्याने बाल्कनीवाल्या ताईंकडून तुकडा मागावा. त्यांच्याकडे आता छाटणी होणारच आहे.

---

दिवाळ्याची_पोर · ७ ऑक्टोबर, रात्री ९.४०

मला द्या एक. आईला दाखवायची आहे. वीस वर्षं जिच्यावरून घसरली तिचं नाव काय ते तिलाही कळू दे.

---

बाल्कनीवाली · २ नोव्हेंबर, दुपारी १.२०

धागा वर काढतेय.

गच्चीत नेल्याला सव्वीस दिवस झाले. सरांनी सांगितलं तसंच केलं, चार रविवार मिठाचं पाणी. नवीन पानं बांधावरच्यासारखी जाड आली आहेत. जुनी पातळ पानं पिवळी पडून गळतायत. दिवाळ्याच्या ताई तुकडा घेऊन गेल्या, आणि जाताना वाळलेल्या जवळ्याचं पुडकं देऊन गेल्या.

आणि आज पहिलं फूल! सकाळी नऊला कळी होती, दहाला जरा किलकिली झाली, साडेदहाला पूर्ण उघडी. भिंग घेऊन पुंकेसर मोजायला बसले. तेवीसपर्यंत आले आणि खालून गॅसवाल्याने बेल वाजवली. परत वर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तर सासूबाई शेजारी उकिडव्या बसून त्याच फुलात बोट घालून बघत होत्या, शिंग कुठे आहे म्हणून.

---

चहा_बिस्कीट · २ नोव्हेंबर, दुपारी १.२५

सापडलं का त्यांना?

---

बाल्कनीवाली · २ नोव्हेंबर, दुपारी १.३१

भिंग मागून घेतलंय त्यांनी. अजून गच्चीतच आहेत.